साडेचार अब्ज डॉलर, जे कधी आलेच नव्हते : लिब्रा कॉइनचं प्रकरण

१४ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी अर्जेंटिनात लिब्रा नावाचं नवं क्रिप्टो टोकन बाजारात उतरलं. तासाभरात त्याचं मार्केट कॅप, म्हणजे सगळ्या टोकनांचं मिळून कागदावरचं मूल्य, साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचलं आणि पुढच्या काही तासांत त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास गळून पडलं. दुसऱ्या दिवशी जगभर बातमी चालली ती ‘चार अब्ज डॉलर बुडाले’ अशी. ही बातमी चुकीची होती. त्या टोकनमध्ये तेवढा पैसा कधी आलाच नव्हता, त्यामुळे तो बुडण्याचा प्रश्नच नव्हता. जो आला तो किती होता, कुणाच्या खिशातून आला आणि कोणत्या दारानं बाहेर गेला, हे पाहिलं की नव्या कॉइनच्या लॉन्चमध्ये माणूस नेमका कुठे अडकतो ते लक्षात येतं.

आधी घटनाक्रम. त्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी सातच्या सुमारास अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांनी एक्सवर एक पोस्ट टाकली. ‘विवा ला लिबर्ताद प्रोजेक्ट’ नावाचा एक खासगी प्रकल्प आहे, तो देशातल्या लहान उद्योगांना आणि नव्या कंपन्यांना भांडवल पुरवून अर्थव्यवस्थेला हातभार लावणार आहे, असा तिचा मथितार्थ. सोबत वेबसाइटचा पत्ता आणि टोकनचा काँट्रॅक्ट ॲड्रेस, म्हणजे ब्लॉकचेनवर (क्रिप्टो व्यवहारांच्या सगळ्यांना खुल्या असलेल्या नोंदवहीवर) हेच टोकन शोधून विकत घ्यायला लागते ती अक्षरांची लांबलचक माळ. टोकन सोलाना नावाच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे साखळीवर, होतं आणि पोस्टच्या काही मिनिटं आधीच तयार झालं होतं. ‘अकाउंट हॅक झालं असणार’ ही बऱ्याच जणांची पहिली प्रतिक्रिया होती. पण पोस्ट हटली नाही, उलट प्रोफाइलवर सर्वांत वर पिन झाली, आणि मग शंकेची जागा घाईनं घेतली. मध्यरात्र उलटल्यावर मिलेई यांनी ती पोस्ट काढली. प्रकल्पाचे तपशील आपल्याला माहीत नव्हते, ते कळल्यावर आणखी प्रसिद्धी द्यायची नाही असं ठरवलं, असं त्यांनी लिहिलं. तोवर भाव कोसळून गेला होता.

राष्ट्राध्यक्षाच्या एका पोस्टवर लोक हजारो डॉलर कसे काय लावतात, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. त्यासाठी महिनाभर मागे जावं लागेल. १७ जानेवारी २०२५ रोजी, अध्यक्षपदाची शपथ घ्यायच्या तीन दिवस आधी, डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वतःच्या नावाचं कॉइन आणलं. तेही सोलानावरच. तेव्हाही लोकांना अकाउंट हॅक झाल्याचं वाटलं. ज्यांनी खातरजमा करण्यात रात्र घालवली त्यांना सकाळी कितीतरी पट जास्त भाव दिसला. दोन दिवसांत तो सत्तर डॉलरच्या वर गेला. क्रिप्टोच्या गटांमधून या घटनेचा जो धडा फिरला तो असा : शहानिशा करत बसलात तर गाडी सुटते. लिब्रा आलं तेव्हा हा धडा चार आठवड्यांचा, ताजा होता. फसवणुकीच्या बहुतेक चर्चांत लोकांच्या हावेवर बोट ठेवलं जातं. इथे मला हावेपेक्षा हे चुकीचं शिक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं. सावधपणाची किंमत मोजावी लागली हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि म्हणून या वेळी तो सोडून दिला.

आता पैशाकडे येऊ. शेअर बाजारात विकणारा आणि घेणारा समोरासमोर असतात, एक्सचेंज त्यांची जुळणी करतं. नव्या टोकनची खरेदी-विक्री बहुतेक वेळा तशी होत नाही. तिथे समोर माणूस नसतो, एक पूल असतो. पूलमध्ये एका बाजूला नवं टोकन आणि दुसऱ्या बाजूला खरा पैसा, म्हणजे यूएसडीसीसारखं डॉलरशी बांधलेलं नाणं किंवा सोलाना साखळीचं त्याच नावाचं नाणं. तुम्ही पैसा टाकता, टोकन उचलता. विकताना टोकन टाकता आणि पैसा उचलता. दोन्ही बाजूंना किती माल उरला आहे त्यावरून भाव आपोआप ठरतो.

याचं सर्वांत साधं रूप आकड्यांत मांडून बघा. पूलमध्ये १० लाख टोकन आणि १० लाख डॉलर आहेत, म्हणजे भाव एक डॉलर. नियम एवढाच की दोन्ही संख्यांचा गुणाकार बदलायचा नाही. आता खरेदीदारांनी मिळून आणखी १० लाख डॉलर टाकले. डॉलर झाले २० लाख, त्यामुळे टोकन उरले ५ लाख आणि भाव झाला चार डॉलर. समजा या टोकनचा एकूण पुरवठा १०० कोटी आहे, आणि उरलेले सगळे टोकन निर्मात्यांच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, पडून आहेत. मार्केट कॅप म्हणजे एकूण पुरवठा गुणिले शेवटचा भाव. ते एक अब्जावरून चार अब्जांवर गेलं. आत आला फक्त १० लाखांचा पैसा आणि कागदावरचं मूल्य वाढलं तीन अब्जांनी. ज्यांनी टोकन घेतले त्यांच्या स्क्रीनवर ५ लाख टोकन गुणिले चार, म्हणजे २० लाख डॉलर दिसतात. ते सगळे एकदम विकायला आले तर त्यांना मिळून मिळणार मात्र १० लाखच. आणि त्यांच्या आधी निर्मात्यांनी आपल्या ढिगातला थोडासा भाग जरी विकला तर तेवढेही नाहीत.

लिब्राचा पुरवठा असाच १०० कोटींचा होता. वॉलेटांमधले संबंध नकाशासारखे उलगडून दाखवणाऱ्या बबलमॅप्स या संस्थेनं दाखवलं की ८२ टक्के टोकन एकमेकांशी जोडलेल्या वॉलेटांच्या एकाच पुंजक्यात होते आणि त्यांना कोणतंही कुलूप नव्हतं. पहिल्या मिनिटापासून ते विकता आले असते. म्हणजे साडेचार अब्जांचा आकडा ज्या टोकनांवर उभा होता, त्यांतले बहुतेक कधी कुणी विकतच घेतले नव्हते.

गंमत अशी, की निर्मात्यांना आपला ढीग विकायची फारशी गरजही नव्हती. इथे पूलची रचना वेगळी होती, आणि या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मला तीच वाटते. लिब्राचे पूल मेटिओरा या प्लॅटफॉर्मवर होते. तिथे भावाच्या पट्ट्या करून प्रत्येक पट्टीत वेगवेगळा माल ठेवता येतो, आणि सुरुवातीला फक्त एकाच बाजूचा माल ठेवायचीही सोय आहे. लॉन्च करणाऱ्यानं नुसते टोकन वाढत्या भावाच्या पट्ट्यांमध्ये रचून ठेवायचे. डॉलर एकही टाकायचा नाही. लोक खरेदी करत वर वर जातात तसतसे प्रत्येक पट्टीतले टोकन संपतात आणि त्यांच्या जागी यूएसडीसी किंवा सोलाना साठत जातं. पूलमधला सगळा खरा पैसा अशा प्रकारे खरेदीदारांचाच असतो. आणि पूल ज्यानं उभा केला त्याला लिक्विडिटी, म्हणजे पूलमध्ये साठलेला माल आणि पैसा, काढून घ्यायचा हक्क असतो. लिक्विडिटी काढणं ही विक्री नाही. तिचा चार्टवर भाव पडल्याचा लाल दांडा उमटत नाही. भाव जिथल्या तिथे दिसतो, फक्त त्याच्या खालचा पैसा गेलेला असतो. मग पुढचा कुणी साधी, मध्यम आकाराची विक्री करतो आणि भाव धाडकन खाली येतो, कारण अडवायला खाली काहीच उरलेलं नसतं.

त्या रात्री हेच घडलं. साखळीवरच्या हालचालींवर नजर ठेवणाऱ्या लुकऑनचेननं हिशेब मांडला : प्रकल्पाच्या टीमशी जोडलेल्या आठ वॉलेटांनी सुमारे १० कोटी ७० लाख डॉलर बाहेर काढले. त्यात ५ कोटी ७६ लाख यूएसडीसी होते आणि २ लाख ४९ हजार ६७१ सोलाना. काही विश्लेषण पूलमधून काढलेला पैसा आणि लिक्विडिटी पुरवल्याबद्दल मिळालेली फी असं वेगवेगळं दाखवतात. खरेदीदाराच्या दृष्टीनं त्यानं काही फरक पडत नाही. दोन्ही त्याच्याच खिशातून गेले.

तोट्याचा आकडा नॅन्सेन या संस्थेनं काढला. एक हजार डॉलरहून जास्त नफा किंवा तोटा झालेली १५,४३० वॉलेटं त्यांनी तपासली. त्यांतल्या ८६ टक्क्यांहून जास्त वॉलेटांना तोटा झाला होता, एकूण २५ कोटी १० लाख डॉलरचा. उरलेल्यांनी १८ कोटी डॉलर कमावले. हे आकडे आणि लुकऑनचेनचे आकडे वेगवेगळ्या रीतीनं मोजलेले असल्यानं त्यांची बेरीज-वजाबाकी तंतोतंत जुळणार नाही. पण माप स्पष्ट आहे : खऱ्या पैशाचा खेळ पाव अब्ज डॉलरच्या आसपासचा होता, साडेचार अब्जांचा नव्हता. आकडा लहान निघाला म्हणून प्रकरण सौम्य होत नाही. माझ्या लेखी ते जास्त गंभीर होतं, कारण ‘बाजार पडला’ असं म्हटलं की तोटा हवेत विरल्यासारखा वाटतो. इथे एकाच्या वॉलेटमधून दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये गेलेले पैसे व्यवहारागणिक दाखवता येतात.

ज्यांनी कमावलं ते कोण, हाही प्रश्न आहे. काही जण नशीबवान असतील. पण नव्या लॉन्चमध्ये पहिल्या काही सेकंदांत खरेदी करणारे बहुतेक माणसं नसतात, स्नायपर बॉट, म्हणजे टोकन येताक्षणी आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम, असतात. सोलानावर व्यवहार सेकंदाच्या आत नोंदले जातात. पोस्ट वाचून, ॲड्रेस कॉपी करून, वॉलेट उघडून ऑर्डर देणाऱ्या माणसाला कितीही घाई केली तरी मिनिटभर लागतं. तोवर पहिल्या, सर्वांत स्वस्त पट्ट्या रिकाम्या झालेल्या असतात. काँट्रॅक्ट ॲड्रेस आधीपासून ठाऊक असेल तर बॉटचीही गरज नाही. म्हणून ‘मी अगदी सुरुवातीलाच घेतलं’ असं जो सांगतो, त्यानं आपल्या व्यवहाराची वेळ पहिल्या शंभर व्यवहारांशी ताडून पाहावी. साखळीवर ते सगळ्यांना खुलं असतं.

खरेदीआधी काय दिसत होतं? बरंच काही. वेबसाइटचं डोमेन त्याच दिवशी नोंदवलेलं होतं. भांडवल हवं असलेल्या उद्योगांनी अर्ज कसा करायचा, तर एक गूगल फॉर्म भरून. देशाच्या अर्थव्यवस्थेला हात देणारा प्रकल्प आणि त्याचं सगळं दप्तर एका फॉर्ममध्ये! टोकन कुणाकडे किती ते साखळीवर दिसत होतं. पूलची लिक्विडिटी लॉक नाही हेही दिसत होतं. हे सगळं बघायला सवयीच्या माणसाला पाच-दहा मिनिटं पुरतात. पण त्या पाच-दहा मिनिटांत भाव दुप्पट होत होता. भावाचा तो वेगसुद्धा पट्ट्यांच्या रचनेतून आलेला होता. घाई हा या मालाचाच भाग होता.

इथे एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. ‘लिक्विडिटी लॉक आहे का, टोकन कुणाकडे किती, विकता येतं का’ अशा तपासण्यांच्या याद्या खूप फिरतात आणि त्यांना उगाच अंतिम कसोटी मानलं जातं. २०२१ मध्ये एका कोरियन मालिकेच्या नावानं निघालेलं स्क्विड टोकन २,८६१ डॉलरपर्यंत चढलं आणि काही मिनिटांत शून्यावर आलं. तिथे खरेदीदारांना टोकन विकताच येत नव्हतं, आणि निर्माते सुमारे ३३ लाख डॉलर घेऊन गेले. ‘विकून बघा’ ही कसोटी अशाच प्रकरणांसाठी आहे. लिब्रा या कसोटीवर खरं उतरलं असतं. विक्रीला काहीही अडथळा नव्हता. ट्रम्प कॉइननं तर ८० टक्के हिस्सा संबंधित कंपन्यांकडे आहे आणि तो तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं मोकळा होईल असं उघड जाहीर केलं होतं. तरीही एप्रिल २०२५ पर्यंत त्याचा भाव दहा डॉलरच्या खाली आला. तिथे कुणी पूल उपसला नाही, फक्त नवे घेणारे आटले. मागच्या फसवणुकीच्या मापानं शिवलेली यादी पुढच्या फसवणुकीला अपुरी पडते. यादीतल्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी असलेला प्रश्न वेगळाच आहे : या पूलमध्ये या क्षणी खरा पैसा किती आहे, तो कुणी टाकला आहे आणि माझ्या परवानगीशिवाय तो कोण काढू शकतो? त्याचं उत्तर मिळालं नाही, तर स्क्रीनवरच्या भावाला फार अर्थ नसतो.

बाजाराची जोखीम याच्या वर वेगळी. लिब्रा घ्यायला आधी सोलाना किंवा यूएसडीसी घ्यावं लागत होतं. ज्यांनी सोलाना घेऊन ठेवलं, लिब्रातून वेळेत बाहेर पडले आणि परत सोलानातच थांबले, त्यांनाही तो महिना जड गेला. मीम कॉइनवरचा, म्हणजे नुसत्या चर्चेवर आणि नावावर चालणाऱ्या अशा टोकनांवरचा, उत्साह ओसरत होता, २१ फेब्रुवारीला बायबिट एक्सचेंजवरून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर हे क्रिप्टो नाणं चोरीला गेलं, आणि महिना संपेपर्यंत सोलानाचा भावही बराच उतरला होता.

लॉन्चमागचा प्रमुख चेहरा होता केल्सियर व्हेंचर्सचे हेडन डेव्हिस. कोसळल्यानंतर ते लपून बसले नाहीत, हे या प्रकरणाचं वेगळेपण. त्यांनी मुलाखती दिल्या. हा रग पुल (निर्मात्यांनी पैसे घेऊन पळ काढणं) नाही, योजना भयंकर फसली. पैसे आपल्याकडे आहेत पण आपण त्यांचे फक्त राखणदार आहोत, अशी त्यांची भूमिका. मेलानिया ट्रम्प यांच्या कॉइनमध्येही आपला सहभाग होता, असं त्यांनी सांगितलं. मिलेई यांनी पोस्ट काढल्यामुळे घबराट झाली, असंही त्यांचं म्हणणं होतं. आपल्या ताब्यातले दहा कोटी डॉलरपर्यंतचे पैसे लिब्रामध्ये परत ओतू, टोकन विकत घेऊ आणि ते नष्ट करू, असं त्यांनी जाहीर केलं. तसं झालं नाही. पण झालं असतं तरी कुणाचा फायदा होता, हे विचारण्यासारखं आहे. घाबरून तोट्यात विकून बाहेर पडलेल्यांना या फेरखरेदीतून एक पैसाही मिळाला नसता. भाव वर गेला असता तो अजून टोकन धरून बसलेल्यांसाठी, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा होता त्याच ८२ टक्क्यांच्या पुंजक्याचा.

एका माणसाला मात्र पैसे परत मिळाले. अमेरिकन माध्यम उद्योजक डेव्ह पोर्टनॉय यांनी स्वतःच सांगितलं की त्यांना झालेल्या तोट्यापोटी डेव्हिस यांच्याकडून ५० लाख डॉलर परत आले. राखणदार म्हणवणाऱ्यानं कुणाला परत द्यायचं हे स्वतःच ठरवावं, आणि ते ज्याच्या मागे लाखो प्रेक्षक आहेत त्याच्यापासून सुरू व्हावं, यात सगळं आलं.

मिलेई यांनी नंतरच्या मुलाखतीत आपण या टोकनची जाहिरात केली नाही, फक्त माहिती पसरवली, असा बचाव केला. यात पडलेले लोक फार तर पाच हजार असतील, आणि कॅसिनोत जाऊन हरलेल्यानं तक्रार कसली करायची, असा त्यांचा युक्तिवाद. संख्येबद्दल वाद होऊ शकतो. नॅन्सेनचे १५,४३० हे वॉलेटांचे आकडे आहेत आणि एका माणसाकडे कितीही वॉलेटं असू शकतात. कॅसिनोची उपमा मात्र लंगडी आहे. कॅसिनोत मालकाचा हिस्सा आधी माहीत असतो आणि डाव चालू असताना टेबलावरचा सगळा पैसा उचलून न्यायची मुभा कुणाला नसते. शिवाय कॅसिनोचा दरवाजा राष्ट्राध्यक्षानं उघडून दाखवलेला नसतो.

कायद्याच्या बाजूनं फारसं हाती लागलं नाही. लॉन्चनंतर दोनच आठवड्यांत, २७ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामक संस्थेच्या अधिकाऱ्यांनी एक निवेदन काढलं : मीम कॉइनचे व्यवहार सहसा सिक्युरिटीजच्या (शेअर, रोखे यांसारख्या गुंतवणुकीच्या साधनांच्या) व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे त्या कायद्याखालची नोंदणी त्यांना लागत नाही, आणि त्या कायद्याचं संरक्षणही खरेदीदारांना मिळत नाही. अर्जेंटिनात भ्रष्टाचारविरोधी कार्यालयानं जून २०२५ मध्ये निष्कर्ष काढला की मिलेई यांची पोस्ट त्यांच्या वैयक्तिक खात्यावरची होती आणि तीत सार्वजनिक नीतिनियमांचा भंग झालेला नाही. न्यूयॉर्कमध्ये खरेदीदारांनी दावा दाखल केला. मे अखेरीस न्यायाधीश जेनिफर रोशॉन यांनी प्रकरणाशी संबंधित सुमारे ५ कोटी ७६ लाख यूएसडीसी गोठवले. ते शक्य झालं कारण यूएसडीसी सर्कल नावाची कंपनी चालवते आणि तिच्याकडे ते गोठवायचं बटण आहे. बाहेर गेलेल्या सोलानासाठी असं बटण कुणाकडेच नाही. ऑगस्टमध्ये त्याच न्यायाधीशांनी ती रक्कम मोकळी केली. प्रतिवादींनी पैसे दडवायच्या हालचाली केल्याचं दिसत नाही आणि कधीच भरून न येणारं नुकसान होईल असं फिर्यादींना दाखवता आलेलं नाही, असं कारण दिलं गेलं. खटला तेवढ्यानं संपला नाही, पण पैसे ज्यांच्या ताब्यात होते त्यांचे हात पुन्हा मोकळे झाले.